वरदहस्ताचा हिशेब

गुणवत्ता परीक्षेने मोजता येत नाही, ती जाणत्याच्या नजरेलाच दिसते, असे मानणारा एक वर्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहे. हल्ली त्याचा आवाज वाढला आहे. प्रवेश परीक्षा, गुणांकन, छाननी समित्या हे सगळे कारकुनी सोपस्कार. खरी माणसे घडली ती कुणा मोठ्याने हात धरला म्हणून, असा त्याचा युक्तिवाद असतो. पुराव्यादाखल अठराव्या शतकातला युरोप पुढे केला जातो. तेव्हाच्या वैद्यांना आणि वनस्पतिशास्त्रज्ञांना ना जाहिराती पाहून अर्ज करावे लागले, ना मुलाखती द्याव्या लागल्या. एखाद्या ज्येष्ठाने पारखले, घरी ठेवून घेतले, दोन पत्रे लिहून दिली, चार शब्द सल्ल्याचे सांगितले आणि आधुनिक वनस्पतिशास्त्र जन्माला आले, असे हे चित्र आहे.

चित्र देखणे आहे. मात्र त्याचा अर्धाच भाग दाखवला जातो.

या मताचे लाडके उदाहरण म्हणजे वनस्पतींचा वर्गीकरणकार कार्ल लिनियस. 1729 सालच्या वसंतात उप्साला विद्यापीठाच्या बागेत एक एकवीस-बावीस वर्षांचा विद्यार्थी फुले न्याहाळत बसलेला होता. स्वीडनच्या स्मोलँड प्रांतातल्या एका पाद्र्याचा हा मुलगा. खिशात पैसा नाही, बुटांच्या फाटक्या तळव्यांत कागद कोंबलेला. धर्मशास्त्राचे वयोवृद्ध प्राध्यापक उलॉफ सेल्सियस तिथून चालले होते. तापमापकामुळे ज्याचे नाव घरोघरी पोहोचले त्या आंद्रेस सेल्सियसचे हे काका. त्यांनी झाडांची नावे विचारली, मुलाने धडाधड सांगितली. सेल्सियसनी त्याला घरी नेले, राहायला जागा दिली, आपला ग्रंथसंग्रह खुला केला. पुढे उलॉफ रुडबेक या वृद्ध प्राध्यापकाने आपल्या मुलांची शिकवणी त्याच्याकडे सोपवली आणि 1730 साली, तो स्वतः विद्यार्थी असतानाच, बागेत व्याख्याने देण्याचे कामही दिले. 1732 साली उप्सालाच्या विज्ञान संस्थेच्या पैशावर तो लॅपलंडला जाऊन आला.

ही गोष्ट खरी आहे आणि सेल्सियसचे मोठेपण कुणी नाकारू नये. प्रश्न तिच्यातून काढलेल्या निष्कर्षाचा आहे. एका भल्या म्हाताऱ्याने एका हुशार मुलाला जेवू घातले, यावरून ‘आश्रयाची व्यवस्था गुण ओळखते’ हे सिद्ध होत नाही. त्यासाठी ही व्यवस्था दहा ठिकाणी कशी वागली ते पाहावे लागते, आणि त्याच लिनियसच्या हातात पुढे आश्रय देण्याची सत्ता आली तेव्हा त्याने काय केले तेही पाहावे लागते. ते पाहिले की वेगळेच दिसते. ही व्यवस्था माणसे पारखण्यापेक्षा ताब्यात ठेवण्यात अधिक तरबेज होती. तिच्यातला सल्ला बहुतेक वेळा देणाऱ्याच्या सोयीचा असे. आणि त्या शतकातले कितीतरी मोलाचे ज्ञान तो सल्ला धुडकावल्यामुळे किंवा आश्रयाच्या परिघाबाहेर राहिल्यामुळे हाती आले.

पहिला मुद्दा नजरेचा.

1735 साली लिनियस हॉलंडला गेला. फालूनचे डॉक्टर मोरेयस यांची मुलगी सारा लिसा हिच्याशी त्याचे लग्न ठरले होते आणि डॉक्टर होऊन ये, ही होणाऱ्या सासऱ्याची अपेक्षा होती. हार्डरवेइक या छोट्या विद्यापीठात त्याने स्वीडनहून लिहून आणलेला प्रबंध सादर केला आणि दोन आठवड्यांच्या आत तो एम.डी. होऊन बाहेर पडला. प्रबंधाचा विषय होता थांबून थांबून येणारा हिवताप, आणि सिद्धान्त असा की चिकणमातीचा अंश पोटात गेल्याने तो होतो. सिद्धान्त साफ चुकीचा होता. तो कुणी तपासण्याइतका वेळच तिथे नव्हता.

त्यानंतर लायडनचे थोर वैद्य बुर्हावे प्रसन्न झाले, अॅमस्टरडॅमचे वनस्पतिशास्त्रज्ञ योहानेस बुरमान यांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतले. मग डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक आणि बँकर जॉर्ज क्लिफर्ड याला तो आपल्या बागेसाठी हवासा वाटला. बुरमान सोडायला तयार होईनात. तेव्हा क्लिफर्डने हान्स स्लोन यांच्या जमैकावरील ग्रंथाची एक प्रत बुरमानना देऊ केली, आणि सौदा पटला. एका पुस्तकाच्या बदल्यात माणूस! हा किस्सा लिनियसच्या भाग्योदयाचा म्हणून कौतुकाने सांगितला जातो. सांगणाऱ्याला त्यात पारख दिसते. व्यवहार दिसायला हवा. ते पुस्तक लिहिणारे स्लोन 1687 साली जमैकाच्या गव्हर्नरचे खासगी वैद्य म्हणून गेले होते, आणि पुढे त्यांच्या संग्रहाला जो पैसा पुरला त्यात पत्नीच्या वाट्याला आलेल्या, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या जमैकातील मळ्यांचे उत्पन्न होते. आश्रयदात्याची थैली कुठून भरली, हा प्रश्न या गोड गोष्टींत कधी विचारलाच जात नाही.

आणि स्लोन यांची नजर? 1736 साली लिनियस बुर्हावेंचे भरघोस शिफारसपत्र घेऊन लंडनला त्यांच्या भेटीला गेला. स्लोन तेव्हा रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी त्याची थंडपणे बोळवण केली. युरोपातला सर्वांत मोठा संग्राहक, त्याच्यासमोर त्या शतकाचा सर्वांत मोठा वर्गीकरणकार, मध्ये त्या काळातल्या सर्वांत वजनदार वैद्याचे पत्र. तरी पारख झाली नाही. 1738 मध्ये स्टॉकहोमला परतल्यावर याच लिनियसला रुग्ण मिळेनात. त्याचा जम बसला तो तरुण अधिकाऱ्यांच्या गुप्तरोगांवर उपचार करून. काउंट टेसिन यांचा वरदहस्त लाभला आणि नौदलाच्या वैद्याची जागा मिळाली ती त्यानंतर. म्हणजे नजरेने यश ओळखले, ते दिसू लागल्यावर.

ज्यांना नजरेने ओळखलेच नाही त्यांची यादी लांब आहे, फक्त अशांची चरित्रे सहसा लिहिली जात नाहीत. क्रिस्टियान कोनराड स्प्रेंगल हा बर्लिनजवळच्या स्पांडाऊ गावातला शाळेचा मुख्याध्यापक. प्रकृतीसाठी वनस्पतींचा अभ्यास करा, असे त्याला डॉक्टर एर्न्स्ट लुडविग हाइम यांनी सुचवले. त्यातून 1793 साली असा ग्रंथ झाला की फुलांचे रंग, रेषा, मध हे सारे कीटकांना बोलावण्यासाठी आहे हे त्याने फुलामागून फूल दाखवून दिले. ना तो विद्यापीठात, ना कुठल्या अकादमीत, ना त्याच्या पाठीशी कुणी सरदार. पुढच्या वर्षी शाळेतली नोकरीही गेली. 1816 साली तो वारला तेव्हा पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले होते. 1841 साली चार्ल्स डार्विनच्या हाती ते पडले आणि मग त्याचे मोल कळले. वनस्पतींच्या संकराचे पद्धतशीर प्रयोग करणारा योसेफ गॉटलिब केल्रॉयटर हाही वैद्य. कार्ल्सरूहेच्या राजउद्यानाची व्यवस्था त्याच्याकडे होती, ती राणीसाहेब कारोलिने लुइझे यांच्या मर्जीवर. त्या 1783 साली गेल्या आणि तीन वर्षांत केल्रॉयटरची बाग सुटली. प्रयोग तेच, बुद्धी तीच. फक्त मर्जी करणारी व्यक्ती जगात उरली नाही.

उलट, ज्यांना ओळखण्याची गरजच पडली नाही असेही होते. एडिंबरोच्या विद्यापीठात शरीररचनेची खुर्ची 1720 साली अलेक्झांडर मन्रो यांना मिळाली. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा अलेक्झांडर मन्रो, त्याच्यानंतर नातू अलेक्झांडर मन्रो. 1846 पर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षे, एकच नाव, एकच घर, एकच खुर्ची. पहिले दोघे कर्तबगार होते. तिसऱ्याची व्याख्याने चार्ल्स डार्विनने विद्यार्थी म्हणून ऐकली आणि तो विषयालाच कंटाळला.

आता खुद्द लिनियसकडे यावे. ज्याला सेल्सियसने पारखले, त्याने आपला वारस कसा पारखला? मुलगा कार्ल अठराव्या वर्षी उप्सालाच्या बागेत प्रात्यक्षिके दाखवणारा अधिकारी झाला. पुढे कुठलीही परीक्षा न देता, प्रबंध न मांडता तो वडिलांच्या खुर्चीचा वारस ठरला आणि सहकाऱ्यांच्या मनात त्याच्याविषयी अढी बसली. त्याच काळात लिनियसचा एक शिष्य, कार्ल पेटर थुनबर्ग, डच कंपनीचा वैद्य म्हणून दक्षिण आफ्रिका, जावा आणि जपान पालथे घालत होता. जपानच्या वनस्पतींचे जे ज्ञान युरोपला झाले त्यात त्याचा वाटा फार मोठा. 1779 साली तो स्वीडनला परतला तेव्हा खुर्चीवर गुरुपुत्र होता आणि थुनबर्गच्या वाट्याला आली होती प्रात्यक्षिकांची दुय्यम जागा. 1783 साली धाकटा लिनियस वारला म्हणून पुढच्या वर्षी थुनबर्ग प्राध्यापक होऊ शकला. त्याच सुमारास लिनियसचा संग्रह, पुस्तके, पत्रे हे सगळे घरचे धन म्हणून थोरल्या लिनियसच्या विधवेने विकायला काढले, आणि लंडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांच्या सल्ल्यावरून जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने ते हजार गिनींना विकत घेतले. लिनियसचा संग्रह आज लंडनमध्ये आहे तो त्यामुळे. खुर्ची घरात ठेवण्याच्या नादात स्वीडनने संग्रह गमावला.

परीक्षेऐवजी शिफारस चालली तर काय बिघडते, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी सेंट अँड्र्यूज विद्यापीठाची नोंदवही पाहावी. तिथे न शिकताही एम.डी. मिळत असे, ओळखीच्या डॉक्टरांची पत्रे आणि फी पुरे. 1775 साली अशी पदवी जाँ पॉल माराला मिळाली, जो पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजला. 1792 साली तशीच पदवी एडवर्ड जेन्नरला मिळाली, ज्याने देवीची लस दिली. दोघांपैकी कोण कसा वैद्य, हे विद्यापीठाने तपासले नाही. शिफारसपत्राला ते तपासता येतच नाही. लिहिणारा कोण आहे एवढेच त्यातून कळते.

दुसरा मुद्दा सल्ल्याचा. आश्रयदाते निरपेक्षपणे मार्ग दाखवत, असे म्हणतात. त्या काळचा सल्ला खरोखर कसा असे, हे पाहायला इरॅस्मस डार्विन हा उत्तम नमुना आहे. चार्ल्सचा हा आजोबा लिचफिल्डमधला नामांकित वैद्य, कवी, वनस्पतिशास्त्रज्ञ. गावात नव्याने औषधांचे दुकान मांडणाऱ्या एका तरुणासाठी त्याने पत्रातून सूचना दिल्या. दुकानाच्या खिडकीत निळ्या-लाल काचा लावाव्यात, म्हणजे बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक आत येते. सर्व थरांतल्या लोकांशी ओळखी वाढवाव्यात. नृत्याच्या मेळाव्यांना जावे, कपडे नीटनेटके ठेवावेत. आपली औषधे उत्तम असल्याचे प्रत्येकाला पुन्हा पुन्हा ऐकवून धंदा जमवणाऱ्या एका अडाणी औषधविक्रेत्याचा दाखलाही त्याने दिला आहे. रोग, औषध, निदान यांबद्दल त्या सल्ल्यात काही नाही. डार्विन लबाड नव्हता. तो खरे तेच सांगत होता. ओळखींवर चालणाऱ्या व्यवसायात ओळखी वाढवणे हेच कौशल्य असते. मग त्या व्यवस्थेला गुणग्राहक का म्हणायचे?

याच डार्विनने 25 फेब्रुवारी 1775 रोजी आणखी एक पत्र लिहिले. बर्मिंगहॅमचा त्याचा जिवलग मित्र डॉ. विल्यम स्मॉल नुकताच वारला होता. दुःख सांगताना त्याच पत्रात त्याने स्टॅफर्डमध्ये जेमतेम चालणाऱ्या विल्यम विदरिंग या तरुण वैद्याला सुचवले, की ही जागा रिकामी झाली आहे, वर्षाला पाच-सहाशे पौंडांची, तीही घोडी न दमवता गावातल्या गावात. विदरिंगने सल्ला मानला, बर्मिंगहॅमला गेला आणि श्रीमंत झाला. करिअर-मार्गदर्शनाच्या पुस्तकात घालावी अशीच ही कथा, पण ती 1775 लाच थांबवली तर.

पुढच्याच वर्षी विदरिंगने ब्रिटनच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला. लिनियसच्या वर्गीकरणातले फुलांच्या लिंगाविषयीचे शब्द त्याने स्त्री-वाचकांच्या नावाखाली सोवळे करून टाकले. डार्विनला ते रुचले नाही. त्याने लिचफिल्डमध्ये दोन सोबत्यांसह मंडळ काढून लिनियसचे आपले वेगळे भाषांतर सिद्ध केले. मग आला डिजिटॅलिसचा, म्हणजे फॉक्सग्लोव्हच्या पानांचा प्रश्न. 1776 साली डार्विनने एका रुग्णासाठी विदरिंगला बोलावले आणि विदरिंगने हे औषध सुचवले. 1780 साली डार्विनने आपल्या दिवंगत मुलाचा प्रबंध छापला आणि त्याला फॉक्सग्लोव्हने बरे झालेल्या रुग्णांची पुरवणी जोडली. त्यात विदरिंगचे नाव नव्हते. 1785 साली डार्विनने त्याच विषयावर निबंध वाचला. तिथेही नाव नाही. विदरिंगने त्याच वर्षी आपले पुस्तक काढले. वैर पुढच्या पिढीत गेले आणि विदरिंग व डार्विनचा मुलगा रॉबर्ट यांच्यात एका रुग्णावरून छापील भांडण जुंपले. ज्याने वर आणले त्याला वाटत होते की वर आलेल्याचे श्रेयही आपलेच. आश्रयात हे कलम नेहमी न लिहिलेले असते.

लिनियस आणि डॅनियल सोलांडर यांचे हेच झाले. सोलांडर हा गुरूचा सर्वांत लाडका शिष्य; तो आपला जावई व्हावा आणि उप्सालाची खुर्ची त्याने चालवावी असेही लिनियसच्या मनात होते. 1760 साली त्याला इंग्लंडला धाडले. दोन वर्षांनी सेंट पीटर्सबर्गच्या प्राध्यापकपदाची सोय करून दिली आणि तिकडे जा असे कळवले. सोलांडर गेला नाही. लंडनला राहून ब्रिटिश म्युझियममध्ये काम करू लागला, आणि 1768 साली बँक्सबरोबर कॅप्टन कुकच्या एंडेव्हर जहाजावर चढला. दक्षिण अमेरिकेचे टोक, ताहिती, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा इथल्या हजारो वनस्पतींचे नमुने 1771 साली लंडनला आले ते या अवज्ञेमुळे. लिनियसने मात्र त्याला कृतघ्न ठरवले.

जे आज्ञाधारक निघाले त्यांचे काय झाले? लिनियसने जगभर धाडलेल्या सतरा शिष्यांना ‘प्रेषित’ म्हणतात. टर्नस्ट्रॉम 1746 मध्ये पूर्वेकडच्या पुलो कोंदोर बेटावर वारला. हासेलक्विस्त 1752 मध्ये स्मिर्नाजवळ, ल्योफलिंग 1756 मध्ये व्हेनेझुएलात, फोर्स्कोल 1763 मध्ये येमेनमध्ये हिवतापाने गेला. टर्नस्ट्रॉमच्या विधवेने लिनियसला जाब विचारला, तेव्हा त्याने पुढच्या मोहिमांसाठी अविवाहित तरुण निवडायचे ठरवले. आणि हेही नोंदवायला हवे की तरुणपणी बुर्हावेंनी त्याला आफ्रिका-अमेरिकेच्या सफरीची संधी देऊ केली होती. उष्ण हवामान आपल्याला सोसणार नाही, असे सांगून त्याने ती नाकारली. 1738 मध्ये परतल्यानंतर लिनियस स्वीडनबाहेर कधीच गेला नाही. नमुने त्याच्याकडे येत राहिले, नावे तो देत राहिला.

इथे एक भेद करायला हवा, नाहीतर प्रतिवाद अन्यायाचा होईल. कामाचा सल्ला वेगळा आणि वाटचालीचा सल्ला वेगळा. लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांनी आपला जुना विद्यार्थी एडवर्ड जेन्नर याला एका पत्रात सुचवले की नुसते तर्क करत बसू नकोस, प्रयोग करून पाहा. हा सल्ला जेन्नरने जन्मभर पाळला. त्याच हंटरनी 1775 च्या सुमारास बोलावले, की लंडनला ये, आपण मिळून शाळा काढू, त्यासाठी इतके भांडवल घाल. यात हंटरची सोय होती. जेन्नरने नम्रपणे नकार दिला आणि तो ग्लॉस्टरशरमधल्या बर्कली या आपल्या गावीच राहिला. गवळणींना गाईच्या देवी येतात आणि मग माणसांच्या देवी येत नाहीत, हे गावगप्पांतले ज्ञान त्याला तिथेच पडताळता आले. 14 मे 1796 रोजी त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला लस टोचली. पुढच्या वर्षी याविषयीचा त्याचा निबंध रॉयल सोसायटीने स्वीकारला नाही, म्हणून 1798 साली त्याने स्वतः पुस्तक छापले. चार वर्षांनी, 14 जून 1802 रोजी, ही लस मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर टोचली गेली. भारतातले हे पहिले लसीकरण. जेन्नरने हंटरचा दुसरा सल्ला ऐकला असता तर तो लंडनमधला एक बरा शिक्षक झाला असता.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. डॉ. जॉन फॉदरगिल हे क्वेकर पंथाचे. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्यांच्या पंथाला बंद होती आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे फेलो होण्यासाठी तिथलीच पदवी लागे. फॉदरगिल लंडनमधले अतिशय नावाजलेले वैद्य झाले तरी कॉलेजात परवानाधारकच राहिले. त्यांनी अमेरिकेतल्या विल्यम बार्ट्रमला वनस्पती गोळा करायला पैसे दिले. वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेल्या जॉन कोकली लेट्समला हात दिला. हा आश्रय नसता तर या माणसांना कुठेच वाव मिळाला नसता. हे खरे आहे, आणि म्हणूनच ते आश्रयाच्या बाजूचे प्रमाणपत्र ठरत नाही. दार जन्मावर आणि पंथावर बंद होते, म्हणून खिडकीतून आत घेणारा कुणी लागला. लेट्समला हे नेमके कळले होते. 1773 साली त्याने लंडनची मेडिकल सोसायटी स्थापन केली. तिच्यात वैद्य, शल्यवैद्य आणि औषधविक्रेते, ज्यांना एरवी एका मेजावर बसवत नसत, ते ठरावीक संख्येने सदस्य होते. उपकृत झालेल्या माणसाने उपकाराची परंपरा चालवली नाही. नियमांची संस्था काढली. आश्रयदात्यांचे भक्त फॉदरगिलपाशी थांबतात, लेट्समपर्यंत येत नाहीत.

तिसरा मुद्दा ज्ञानाचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ‘काही का असेना, त्यातून विज्ञान वाढले ना?’ वाढले, पण त्याचे मूळ कुठे होते? विदरिंगचे पुस्तक घ्या. 1775 साली त्याला जलोदरावरच्या एका घरगुती औषधाबद्दल मत विचारण्यात आले. ते श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचे गुपित होते. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणात काम करणारी फॉक्सग्लोव्हच आहे, हे विदरिंगने ताडले. मग मात्रा किती, केव्हा थांबवायचे, कुणाला लागू पडते, हे त्याने दहा वर्षे तपासले. ते शक्य झाले कशामुळे? रोज एक तास तो गरिबांना फुकट तपासत असे आणि असे दोन-तीन हजार रुग्ण वर्षाकाठी येत. पाचशे पौंडांची ती जागा त्याला डार्विनने दाखवली हे खरे. पण औषध शिकवले ते फी न देणाऱ्या रुग्णांनी. विदरिंगचे मोठेपण असे की त्याने उपचार फसलेल्या रुग्णांच्याही नोंदी छापल्या आणि म्हातारीचा उल्लेख केला. तिचे नाव मात्र त्याने दिले नाही. ‘मदर हटन’ हे नाव आज ठिकठिकाणी छापलेले दिसते, ते विसाव्या शतकातल्या एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून आलेले आहे.

नावे अशीच गळतात, आणि त्याची एक ठसठशीत नोंद आपल्या पुण्याची आहे. ऑक्टोबर 1794 च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात ‘बी. एल.’ या आद्याक्षरांनी एक पत्र छापून आले. इंग्रजी फौजेत बैलगाड्या हाकणारा कावसजी नावाचा मराठा 1792 च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला; त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी, टॉमस क्रूसो आणि जेम्स ट्रिंडले यांनी, ही शस्त्रक्रिया पाहिल्याचे पत्रात म्हटले आहे. चित्रकार जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र काढले. याच नोंदीच्या आधारे लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूने 1814 साली तशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपातल्या नाक घडवण्याच्या आधुनिक शल्यकर्माची सुरुवात तिथून धरतात. या साखळीत रुग्णाचे नाव आहे, पाहणाऱ्यांचे आहे, चित्रकाराचे आहे, अनुकरण करणाऱ्याचे आहे. ज्याने नाक बसवले त्याचे नाव नाही.

तो योगायोग नव्हता. मुंबईतले ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर हेलेनस स्कॉट जोसेफ बँक्सशी पत्रव्यवहार करत. त्यांनी पाठवलेले ‘वुट्झ’ या भारतीय पोलादाचे तुकडे बँक्सनी शास्त्रज्ञांना दिले आणि 1795 साली त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला गेला. स्कॉट, बँक्स, निबंधकार यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. पोलाद ओतणारे लोहार निनावी. पत्रे ज्यांच्यात जात-येत होती त्यांनाच ज्ञानाचे धनी मानले गेले, आणि ज्याच्या हाती ससा तो पारधी. आश्रयाची व्यवस्था ज्ञान निर्माण करणाऱ्यांची यादी ठेवत नव्हती, ती एकमेकांना ओळखणाऱ्यांची यादी ठेवत होती.

परीक्षा निर्दोष आहेत असे कुणी म्हणत नाही. त्या पाठांतराला बक्षीस देतात, क्लासचालकांना श्रीमंत करतात, एखाद्या स्प्रेंगलला त्याही गाळतील. पण परीक्षेवर बोट ठेवता येते: प्रश्नपत्रिका मागता येते, गुण पुन्हा तपासून घेता येतात, न्यायालयात जाता येते. थुनबर्गला असे कुठेही जाता आले नाही. गुरुपुत्राला खुर्ची का मिळाली, याचे उत्तर देण्याचे बंधन कुणावरच नव्हते. ज्येष्ठांनी हुशार मुलांना घरी जेवू घालावे, पुस्तके द्यावीत, प्रयोग करून पाहा असे सांगावे. त्याला कुणाची हरकत असायचे कारण नाही. त्या आपुलकीच्या बदल्यात निवडीचा अधिकार मात्र त्यांनी मागू नये. आणि लिनियसचा दाखला देऊन जे तो अधिकार आजही मागतात, त्यांनी आधी उप्सालाच्या त्या खुर्चीचा खुलासा करावा: बिनपरीक्षेचा मुलगा तिच्यावर बसला आणि जपान पाहून आलेला शिष्य बाजूला उभा राहिला, तेव्हा जाणत्याची नजर कुणीकडे वळली होती?